खलनायक उभा राहिला

३ मार्च १९७७, गुरुवार

आज नमाजघराच्या ओसरीवर मला निवडणुकीला उभं करायचं ठरलं, आणि ठरवणाऱ्यांपैकी निम्मे लोक हसत होते.

आमच्या भागाचे आमदार गेल्या महिन्यात वारले. पोटनिवडणूक लागली. सत्ताधारी पक्षानं झुबिर यांना तिकीट दिलं, सुलतानानं 'दातो' किताब दिलेले दातो झुबिर. आमच्या तेबिंग पुलाई गावची नदीकाठची जमीन वाळू उपसायला ज्यांच्या कंपनीला मिळाली, तेच हे झुबिर. बासष्ट घरांना नोटिसा आल्या आहेत: जूनअखेर जागा सोडा. चाळीस चाळीस वर्षं इथं राहणाऱ्या माणसांकडे मालकीचा कागद एकही नाही. त्या बासष्टांत माझं घरही आहे.

चिकगू म्हणजे मास्तर. चिकगू तालहा यांनी अर्ध्या गावाला अक्षरं शिकवली आहेत. त्यांनी विचारलं, "झुबिरसमोर कोण उभं राहणार?" सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागले. कुणाचा मुलगा सरकारी नोकरीत, कुणाच्या दुकानाचा परवाना अडकलेला. मागून कुणीतरी ओरडलं, "कुलोपला करा उभं! याचं थोबाड तरी सगळ्या राज्याला माहीत आहे!"

हशा पिकला. मीही हसलो. चिकगू तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "कुलोप, तुला गमावण्यासारखं काय आहे?"

मी विचार केला. काही सुचलं नाही.

थोबाड माहीत आहे, हे खरंच. सिंगापूरच्या सिनेमाच्या स्टुडिओत सतरा वर्षं मी समुद्री चाचा झालो, विष कालवणारा वजीर झालो, पोरीबाळी पळवणारा जमीनदार झालो. पोस्टरवर नाव 'दारुस', नायकाच्या नावाखाली, बारीक अक्षरांत. स्टुडिओ बंद पडला तसा गावी आलो आणि पुन्हा कुलोप झालो. दहा वर्षं रबराच्या झाडांना चिरे पाडतोय.

रात्री बायकोनं, एंबुननं, शिवणाच्या मापांची अर्धी कोरी वही पुढ्यात टाकली. "यात लिहा," म्हणाली. "म्हणजे मला रोज तेच तेच ऐकावं लागणार नाही."

५ मार्च, शनिवार

खरं काय ते इथं तरी लिहावं. मी हे घरांसाठी करतोय, की दहा वर्षांत माझ्याकडे कुणी वळून बघितलेलं नाही म्हणून?

एंबुनला विचारलं. ती बाही टाचत होती. तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाली, "दोन्हीसाठी करा. घरं वाचली म्हणजे झालं."

स्टुडिओत ती कपडेपटात होती. माझे सगळे दुष्ट अंगरखे तिनंच शिवलेले. लग्नाआधी एकदा मला म्हणाली होती, "तुम्हाला काळा रंग शोभत नाही, पण सांगणार कुणाला?"

१२ मार्च, शनिवार

अर्ज भरला. नदीपलीकडे केरास गावच्या कचेरीत गेलो होतो. अपक्षांसाठी उरलेल्या चिन्हांपैकी मला किल्ली मिळाली. झुबिरचे लोक खिडकीबाहेरून ओरडले, "चोराच्या हातात किल्ली! कड्या लावून घ्या रे!"

दातो झुबिर स्वतः मात्र फार गोड वागले. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि दादा म्हणावं तसं 'अबांग' म्हणत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अबांग दारुस, तुमचे सिनेमे बघत मोठा झालो मी. शेवटी काय होतं ते मला पाठ आहे."

खोली हसली. उत्तर सुचलं ते परतीच्या फेरीबोटीत, नदीच्या मधोमध. तिथं फक्त दोन शेळ्या आणि एंबुन होती. एंबुनला ऐकवलं. तिला फारसं आवडलं नाही.

१४ मार्च, सोमवार

घरोघर जायला सुरुवात केली. पहिलंच घर ओपा सिबाचं. ओपा म्हणजे आजी. ही नदीकाठची सगळ्यात जुनी बाई, नोटीस तिलाही आली आहे. मला वाटलं, इथलं मत तर खिशात.

तिनं मला पायऱ्या चढू दिल्या. मग मासे धुतलेल्या पाण्याची बादली माझ्या अंगावर ओतली.

"मेल्या! त्या पोरीला गलबतावर विकलंस तेव्हा लाज नाही वाटली?"

"ओपा, तो सिनेमा होता हो!"

"सिनेमा असला म्हणून काय झालं? पोरगी रडत होती की नाही?"

रडत तर होती. आणि चांगली रडत होती.

तसाच मासळीचा वास घेऊन घरी आलो. एंबुन हसून हसून जिन्यावर बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्यापासून बायकांकडे मी जाते. तुम्ही भाषणं करा." मला ते जरा लागलं, पण अंगाला इतका वास येत होता की वाद घालायची हिंमत झाली नाही.

१७ मार्च, गुरुवार

पहिली सभा झाली. चिकगूंनी लिहून दिलेलं भाषण मी तोंडपाठ केलं होतं. जमिनीचे कायदे, कलमं, वर्षं, सगळं न अडखळता म्हटलं. समोर पंचवीस माणसं. त्यातली चार झोपलेली.

तेवढ्यात एकजण ओरडला, "कुलोप, ते हास की! चाच्याचं!"

मी नाही म्हटलं. मी उमेदवार आहे, माकड नाही. पण पोरं टाळ्या पिटत राहिली. शेवटी हसलो. पोटातून, मान मागे टाकून, पूर्वीसारखा. पोरं किंचाळत आयांना बिलगली. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली थांबल्या. कॉफीच्या दुकानातले लोक कप घेऊन बाहेर आले. दीडशे माणसं झाली. मग मी कागद खिशात घातला आणि एवढंच म्हणालो, "हे हसणं खोटं आहे. नोटीस मात्र खरी आहे." पुढे जे तोंडाला आलं ते बोललो. काय बोललो आठवत नाही. कुणी उठून गेलं नाही.

तरी घरी येताना मन खट्टू होतं. भाषण चिकगूंचं इतकं चांगलं होतं, आणि माणसं जमली कशाला, तर हसण्याला.

एंबुन सभेला नव्हती. रोज सकाळी पिशवी घेऊन निघते आणि या घरी कॉफी, त्या घरी केळ्याची भजी असं करत उन्हं कलल्यावर येते. चिकगूंची मतदारयादी पण हिच्याच पिशवीत. कशाला कोण जाणे. मी म्हटलं, "अगं, निवडणूक आहे, माहेरपण नव्हे." ती "हूं" म्हणाली आणि यादीवर पेन्सिलीनं एक खूण केली.

२० मार्च, रविवार

केरासच्या भिंतींवर मोठाली पोस्टरं लागली आहेत. दातो झुबिरच्या प्रचाराला मंगळवारी हेल्मी जौहर येणार.

हेल्मी जौहर. मी बराच वेळ त्या पोस्टरसमोर उभा होतो. फोटो वीस वर्षांपूर्वीचा आहे. अजून माणसं थांबून त्या फोटोला हात लावत होती.

बावीस सिनेमे आम्ही बरोबर केले. एकोणिसांत त्यानं मला मारलं, तिनांत तुरुंगात टाकलं. चार वर्षं स्टुडिओच्या चाळीत एका खोलीत राहिलो. तो मसाल्याचा भात रांधायचा, मी भांडी घासायचो. त्याच्या लग्नात रिवाजाप्रमाणे जिवलग म्हणून मी त्याच्यामागे छत्री धरून उभा होतो. स्टुडिओ बंद झाल्यावर तो क्वालालंपूरला गेला, मी इकडे आलो. मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

आता येतोय तो मला विसाव्यांदा मारायला.

चिकगू म्हणाले, "झालं. आता आपल्याला ओपा सिबाचंही मत मिळणार नाही."

"ते तसंही नव्हतं," मी म्हटलं.

२२ मार्च, मंगळवार

आजचं सगळं नीट लिहितो.

मी जाणार नव्हतो. एंबुननं माझी टोपी आणून हातात दिली आणि दारात उभी राहिली. फेरीबोटीनं पलीकडे गेलो आणि मैदानाच्या कडेला, भाजलेल्या मांसाच्या गाडीमागे, धुरात उभे राहिलो.

तीन हजार माणूस होतं. हेल्मी व्यासपीठावर आला तेव्हा बायका अक्षरशः ओरडल्या. केस पांढरे झालेत, पण चाल तीच. एक मात्र चमकून दिसलं: एवढा मोठा नट, आणि उजव्या बुटाला टाके घातलेले. मोठी माणसं जुन्या बुटांना जीव लावतात, तसंच काहीतरी असावं.

दातो झुबिरनी ध्वनिक्षेपक त्याच्या हाती दिला. "हेल्मी अबांग, तुमच्याइतकं या दारुसला कुणी ओळखत नाही. सांगा लोकांना, कसा माणूस आहे तो!"

"सांगतो," हेल्मी म्हणाला. "या माणसाला मी एकोणीस वेळा मारलंय."

मैदान हसलं. गाडीवाल्यानं माझ्याकडे बघून मांस खोवलेल्या दोन काड्या फुकट दिल्या.

"तलवारीनं मारलं, खंजिरानं मारलं, एकदा नारळानं मारलं." पुन्हा हशा. "पण तुम्हाला आठवतं का, गलबताचा तो सिनेमा? मी डोलकाठीवरून समुद्रात उडी घेतो, आणि या दारुसला पाण्यात बुडवून मारतो?"

"आठवतं!" सगळं मैदान ओरडलं.

"मंडळी, मला पोहता येत नाही."

माणसं आधी हसली. त्यांना वाटलं विनोद आहे.

"आजही येत नाही. दिग्दर्शकाला सांगायची लाज वाटली. नायक ना मी! उडी मारली आणि दगडासारखा खाली गेलो. तेव्हा ज्याला मी बुडवणार होतो, त्यानं खाली जाऊन माझे दोन्ही पाय आपल्या खांद्यांवर घेतले आणि मला वर धरलं. तुम्ही पडद्यावर बघितलंत, माझा चेहरा पाण्यावर, केस भिजलेले, तुमच्या आया त्या चेहऱ्यावर भाळल्या. त्या चेहऱ्याखाली हा होता. श्वास कोंडून. चार वेळा घ्यावा लागला तो प्रसंग. चौथ्या वेळी याच्या नाकातून रक्त आलं. आणि वर आल्यावर हा कुणाला काही बोलला नाही. आजपर्यंत नाही. बोलला होता का कधी तुम्हाला?"

गाडीवरची चरबी निखाऱ्यांवर पडल्याचा आवाज ऐकू येत होता.

दातो झुबिर उठून पुढे आले. हेल्मी त्यांच्याकडे वळून म्हणाला, "माफ करा दातो. म्हातारा झालो, कुणी संवाद लिहून दिले नाहीत की काहीबाही बोलतो. मी काय सांगत होतो? हां, दारुस कसा माणूस आहे ते." मग लोकांना हात जोडले आणि खाली उतरला. टाळ्या अशा झाल्या की झुबिरांचं पुढचं भाषण कुणाला ऐकूच आलं नाही.

मी संतापलो होतो. ही गोष्ट आमच्या दोघांतली होती. तीन हजार लोकांपुढे मला त्याचा हमाल करून टाकला! येताना फेरीबोटीत म्हटलं, "हा पहिल्यापासून असाच. एक संवाद धड लक्षात राहायचा नाही. माझी निंदा करायला आला आणि मधेच विसरला."

एंबुन ओढणीनं डोळे टिपत होती. "तुम्हाला खरंच वाटतं तो विसरला?"

"मग काय?"

तिनं माझ्या डोक्यावरची टोपी सरळ केली.

चिकगूंनी नंतर सांगितलं, हेल्मी स्टँडवर एकटाच बसची वाट बघत होता. आणताना झुबिरांची मोटार होती. परत नेताना पंक्चर झाली असावी.

२४ मार्च, गुरुवार

काय झालंय लोकांना कळत नाही. रस्त्यात माणसं थांबवून विचारतात, "खरंच त्याला पोहता येत नव्हतं?" कॉफीवाला पैसे घेत नाही. एक म्हातारा माझे खांदे दाबून बघून गेला.

दुपारी ओपा सिबा स्वतः आली. हातात झाकलेलं भांडं. आंबवलेल्या दुरियन फळाच्या आंबटगोड रश्शात शिजवलेला नदीचा मासा, माझी आई करायची तसा.

"खा," ती म्हणाली. मी खाल्लं. ती समोर बसून बघत राहिली.

"नाकातून रक्त आलं होतं?"

"थोडंसं."

"मग तसं सांगायचं की रे, गाढवा! उगाच बादली वाया गेली माझी."

एंबुननं नात्यातल्या लोकांकडून अकरा होड्या शनिवारसाठी मागून ठेवल्या आहेत. मी म्हटलं, "फेरीबोट आहे ना सरकारी? अकरा होड्यांची वरात काढायची आहे का?" म्हणाली, "असू द्या. यादीत नदीकाठची चारशे सहा नावं आहेत. मी मोजलीत."

२६ मार्च, शनिवार

मतदान. केंद्र पलीकडे, केरासच्या शाळेत.

सकाळी सातला धक्क्यावर गेलो तर फेरीबोटीला साखळी, आणि पाटी: दुरुस्तीसाठी आजचा दिवस बंद. काल संध्याकाळपर्यंत ती व्यवस्थित चालत होती. सुपारीच्या झाडांखाली दीडदोनशे माणसं ताटकळत उभी. चिकगूंचा चेहरा पांढराफटक पडला. "कुलोप," ते म्हणाले, "हरलो."

तेवढ्यात वळणावरून पहिली होडी आली. मग दुसरी. मग सगळ्या, एकामागून एक. पुढच्या होडीत एंबुन उभी, हातात यादी. धक्क्याला लागताच नावं पुकारू लागली: आधी म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे. कुणी कुठल्या होडीत बसायचं हे तिचं आधीच ठरलेलं. गडबड नाही, गोंधळ नाही. मी तर बघतच राहिलो. इतक्या वर्षांत हिच्यात हा गुण मला कसा दिसला नाही?

"बघता काय? वल्हं घ्या!"

मी दिवसभर वल्हं मारलं. उमेदवार असून स्वतःचं मत दुपारी तीनला टाकलं. ओपा सिबा पहिल्या फेरीत गेली होती आणि शेवटच्या फेरीपर्यंत पलीकडच्या काठावर बसून प्रत्येकाला विचारत होती, "किल्लीच ना? नीट बघितलीस ना?" शेवटी पोलिसानं हटकलं, तेव्हा त्यालाही विचारलं.

तळहातांना फोड आलेत. मतं आता शाळेत मोजतायत. चिकगू तिथं आहेत. मला बघवत नाही म्हणून मी बाहेर पायरीवर बसून हे लिहितोय. आत कुणीतरी मोठ्यानं आकडा सांगितला. आता कुणीतरी पळत येतंय.

२७ मार्च, रविवार

दोनशे सतरा मतांनी जिंकलो.

पळत आले ते चिकगू. सत्तर वर्षांचा माणूस, एका पायात चप्पल नाही. मुख्याध्यापक म्हणून उभा जन्म ज्यांचा आवाज शाळेच्या टोकापर्यंत जायचा, ते नुसते माझी बाही ओढत होते.

पुढचं तुटक तुटक आठवतं. मला खांद्यांवर घेतलं. ढोल कुठून आले माहीत नाही. दातो झुबिरनी हात मिळवला आणि निघून गेले. नदीच्या दोन्ही काठांवर माणसं ओरडत होती. मी होडीत उभा राहिलो आणि आपोआप हसू आलं, तेच, मान मागे टाकून. पण या खेपेला एकही पोर रडलं नाही. अख्खी नदी माझ्याबरोबर हसली.

आज क्वालालंपूरहून तार आली. हेल्मीची. "अभिनंदन. या वेळी पाण्याखाली मी होतो."

म्हणजे काय, कळलं नाही. हा पाण्यात कशाला उतरला? तारेत लोक अर्धवट लिहितात. एंबुननं मात्र ती दोनदा वाचली आणि लगेच कागद घेऊन त्याला पत्र लिहायला बसली. मी म्हटलं, माझ्याकडूनही लिही, की मी त्याला माफ केलंय. ती लिहिताना का हसली, देव जाणे.

१९ एप्रिल, मंगळवार

राजधानी इपोहच्या विधानसभेत शपथ घेतली. पहिलं भाषण सात मिनिटांचं. बासष्ट घरांतल्या प्रत्येक कर्त्या माणसाचं नाव घेतलं. एंबुनची यादी आता मलाही पाठ झाली आहे. समोरचे कुजबुजायचे थांबले. नदीच्या वरच्या अंगाला अशाच नोटिसा आलेली आणखी चार गावं आहेत, आणि सार्वत्रिक निवडणूक पुढच्या वर्षावर आली आहे. मुख्यमंत्री उठले आणि म्हणाले की हा विषय पुन्हा तपासला जाईल.

चिकगू म्हणतात, "पुन्हा तपासला जाईल म्हणजे घाबरले." मला वाटतं, भाषणाचा प्रभाव पडला.

३० मे, सोमवार

नोटिसा मागे! पाचही गावांच्या. लेखी पत्र आलं. वाळूचा परवाना रद्द. राहत्या घरांना मालकीचे कागद मिळणार. चिकगूंनी नमाजघराच्या ओसरीवर पत्र वाचून दाखवलं. मग एकेकजण उठून आपापल्या घराकडे चालत गेला, नुसतं बघायला.

हेल्मी आलाय. एंबुनच्या पत्रावरून आठ दिवसांसाठी म्हणून आला, त्याला तीन आठवडे झाले. इथली हवा मानवली म्हणतो. एक पेटी आहे, तीही लहान. मी म्हटलं, राहा की, घर आता पक्कं आपलंच आहे. सकाळी माझ्याबरोबर रबराच्या बागेत येतो. चिरे वाकडे पाडतो, पण येतो. रात्रीचा भात तोच रांधतो. भांडी तो आणि मी मिळून घासतो.

२ ऑगस्ट, मंगळवार

आज मोजणी खात्याचे लोक आले. साखळी, तिपाई, लाल रंग लावलेले दगड. सुरुवात ओपा सिबाच्या घरापासून. तिनं मेंदी लावली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच, म्हणाली.

मोजणीदार तरुण, घामाघूम. साखळीचं टोक धरायला माणूस कमी पडत होता म्हणून मी धरलं. त्यानं वर न बघताच विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी इथला आमदार."

"मग जरा डावीकडे सरका आमदारसाहेब, तुम्ही हद्दीवर उभे आहात."

सरकलो. दगड रोवला गेला. मोजणीदारानं मोठी वही उघडली आणि म्हाताऱ्या बाईला विचारलं, "पूर्ण नाव?"

ओपा सिबा गोंधळली. तिनं आमच्याकडे बघितलं. आयुष्यभर ती कुणाची तरी मुलगी, कुणाची बायको, सगळ्यांची ओपा. पूर्ण नाव कुणी कधी विचारलंच नव्हतं. हेल्मी तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "सावकाश सांगा. घाई नाही." तिनं दोन्ही हात नेसलेल्या सारोंगवर पुसले, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "नसिबा बिंती आलांग जोहारी."

मोजणीदारानं लिहिलं.

"वाचून दाखव."

त्यानं वाचलं.

"परत."

त्यानं परत वाचलं. तोपर्यंत सगळा गाव कुंपणाशी गोळा झाला होता: चिकगू, एंबुन, होड्यांवाले, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. म्हातारीनं तिसऱ्यांदा "परत" म्हटलं, तेव्हा मोजणीदाराला वाचावं लागलं नाही. आम्हीच सगळ्यांनी मिळून तिचं नाव घेतलं, असं जोरात, की नदीपलीकडच्या केरासच्या धक्क्यावरचे लोक उठून उभे राहिले.